रात्री दोनला फोनवर सांगतेस ना, तेच लिही

काका, नमस्कार.

मी महापेला एका लॉजिस्टिक्स कंपनीत प्रोग्रॅमर आहे, राहते ठाण्यात. कंटेनरच्या याद्या डेटाबेसमध्ये चढवायला मी एक छोटं टूल लिहिलंय. नाव 'भरणी'. खिडक्या-बटणं काही नाहीत, टर्मिनलवर कमांड द्यायची आणि पुढे फाइलचं नाव. उरण बाजूच्या आमच्या यार्डात रात्रपाळीची मुलं ते चालवतात. टूल चांगलं चालतं, पण अडलं की पंचाईत. सुरुवातीला मी सगळीकडे 'एरर: इनव्हॅलिड इनपुट' एवढंच छापत होते, तेव्हा रात्री दोन-दोनला फोन यायचे. म्हणून मेसेज सविस्तर केले. काय झालं, का झालं, क्षमस्व, काय काय करून बघा, अशा आठ-दहा ओळी. आता फोन येतात ते 'मॅडम, खूप काहीतरी इंग्रजीत आलंय' म्हणून. आमचे सर म्हणतात, दोन ओळींच्या वर लिहायचं नाही, युनिक्सवाले बघ किती मोजकं लिहितात. शेजारचा सहकारी म्हणतो, नुसते कोड दे आणि तक्ता भिंतीवर लाव. मराठीत लिहावं का, हाही विचार डोक्यात आहे. आई म्हणते, रात्री फोन बंद ठेव. मोजकं आणि उपयोगी, दोन्ही एका मेसेजमध्ये कसं बसवायचं? (आणि अहो-जाहो नको, मी तुमच्या मुलीच्या वयाची आहे.)

— झोपमोड झालेली, ठाणे

प्रिय झोपमोड,

तू मला दोन नमुने कळवलेस, आधीचा तीन शब्दांचा आणि नंतरचा दहा ओळींचा. मला हवा होता तो तिसरा. रात्री दोनला उठून, डोळे चोळत, त्या मुलाला तू फोनवर काय सांगितलंस?

मी अंदाज करतो. तू आधी विचारलंस, "कुठली फाइल?" मग, "कितव्या ओळीवर अडलंय?" मग, "त्या ओळीत गाडी नंबरच्या जागी काय आहे, एकेक अक्षर वाचून दाखव." त्याने वाचलं, तुझ्या लक्षात आलं आणि तू म्हणालीस, "अरे, एमएचच्या पुढे शून्याच्या जागी इंग्रजी ओ पडलाय. तो बदल आणि परत चालव." फोन ठेवलास आणि कूस बदललीस.

तुझे ते तीन प्रश्न म्हणजे तुझ्या मेसेजमध्ये नसलेल्या गोष्टी. आणि तुझं शेवटचं वाक्य म्हणजे तो मेसेज. झोपेतून उठलेला माणूस पाल्हाळ लावत नाही, क्षमस्व म्हणत नाही आणि 'इनव्हॅलिड इनपुट' तर मुळीच म्हणत नाही. मोजकं आणि उपयोगी एकत्र कसं बसवायचं, असं मला विचारतेस, पण ते तू आठवड्यातून दोनदा अंथरुणात बसून करतेसच आहेस. फक्त ते कोडमध्ये नाही, फोनवर.

तेव्हा पहिलं काम हे. उशाशी एक वही ठेव. फोन आला की डाव्या पानावर तू विचारलेले प्रश्न लिही आणि उजव्या पानावर ज्या वाक्याने त्याचं काम झालं ते वाक्य. पंधरा दिवस. सकाळी ट्रान्स-हार्बरला बसायला जागा मिळाली तर तिथेच पानं चाळ. कुठला मेसेज आधी बदलायचा हे ठरवायला याहून चांगली यादी मिळणार नाही. टूलमध्ये चाळीस ठिकाणी एरर छापत असशील, पण फोन येत असतील त्यातल्या चार-पाच ठिकाणांमुळेच.

आता वरचाच प्रसंग घेऊन मेसेज लिहून बघू. तू तो इंग्रजीतच लिहिशील, मी इथे मराठीत मांडतो:

भरणी: यादी-१२.सीएसव्ही:४८१: गाडी नंबर 'एमएचओ४…' चुकीचा, तिसऱ्या जागी अक्षर ओ आहे, शून्य हवा

एक ओळ. सरांच्या दोन ओळींच्या मर्यादेत बसली, वर एक ओळ उरली.

आधी टूलचं नाव. हे कशाला, असं वाटेल. पण यार्डातली मुलं तुझं टूल एकटं चालवत नसणार; कुणीतरी स्क्रिप्ट करून दिली असेल, तीत चार कमांड एकामागून एक असतील. तक्रार कुणाची, हे कळायला हवं. मग फाइल, कोलन, ओळ, कोलन. ही रीत जुनी आहे, जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या लेखन-नियमांत ती लिहून ठेवलीय आणि ईमॅक्स, विम यांसारखे एडिटर ती ओळखून थेट त्या ओळीवर नेऊन ठेवतात. नवी मांडणी शोधून काढायच्या फंदात पडू नकोस. (त्याच नियमांत असंही आहे की टूलच्या नावापुढे येणारा मजकूर मोठ्या लिपीतल्या अक्षराने सुरू करायचा नाही आणि शेवटी पूर्णविराम द्यायचा नाही. गो भाषेवाल्यांचाही एरर-मजकुराबाबत हाच दंडक. मला यात सौंदर्यदृष्टी दिसते, माझ्या बायकोला हट्ट दिसतो.)

मग सापडलेली किंमत, म्हणजे फाइलमध्ये त्या जागी जे लिहिलंय ते, जशीच्या तशी, अवतरणचिन्हांत. हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग. 'गाडी नंबर चुकीचा' यावर मुलगा काय करणार? त्याच्या डोळ्यांना तो बरोबरच दिसतोय, म्हणून तर त्याने तो टाकलाय. अवतरणचिन्हं का? कारण एक्सेलमधून आलेल्या नंबरामागे मोकळी जागा चिकटलेली असते आणि मोकळी जागा दिसत नाही. अवतरणचिन्हांत टाकलं की शेवटचं चिन्ह अंमळ दूर सरकलेलं दिसतं आणि चोर सापडतो. एमएच-०४ ठाण्याचा, एमएच-४३ नवी मुंबईचा. तुमच्या यार्डात एमएच-४३ वाले खुशाल आत जात असतील आणि ठाण्याचे, पेणचे (एमएच-०६) अडत असतील, कारण शून्य त्यांच्याच नंबरात आहे. असं झालं असेल तर मला कळव, मला मजा वाटेल.

आणि शेवटी, काय हवं होतं. 'चुकीचं स्वरूप' नव्हे, तर कुठलं स्वरूप बरोबर. ई-वे बिलाचा नंबर अडला तर '१२ आकडे हवेत, ११ आहेत' असं लिही. 'आहेत' हा शब्द गाळू नकोस. मुलगा पडद्यावर बोट ठेवून आकडे मोजायला लागतो, ते काम टूलने आधीच केलेलं असतं.

फाइल उघडतानाच अडलं तर निराळी गोष्ट. लिनक्सवर फाइल उघडली नाही की कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, तुझ्या प्रोग्रॅमला फक्त एक आकडा देतो. २ म्हणजे अशी फाइल किंवा फोल्डर नाही, १३ म्हणजे परवानगी नाही. कुठली फाइल, ते त्या आकड्यात नसतं. ते तुझ्या प्रोग्रॅमला ठाऊक असतं, कारण फाइल त्यानेच मागितली होती. तरी कित्येक टूलं नुसतं 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' छापून मोकळी होतात. नाव छाप, तेही पूर्ण मार्गासकट, कारण निम्म्या वेळा फाइल असते, पण मुलगा दुसऱ्याच फोल्डरमध्ये उभा असतो.

या आकड्यांच्या भरवशावर राहिलं की काय होतं, त्याचं जुनं उदाहरण ऐक. युनिक्सवर २५ नंबरचा मजकूर होता 'नॉट अ टाइपरायटर'. तेव्हा टर्मिनल म्हणजे खरोखरच टाइपरायटरसारखं यंत्र असायचं. प्रोग्रॅम सहज तपासायचा की समोर टर्मिनल आहे का. नसलं की २५ हा आकडा मागे पडून राहायचा. पुढे भलत्याच कारणाने काही बिघडलं की प्रोग्रॅम तोच शिळा आकडा उचलून छापायचा आणि वापरणारा विचारात पडायचा, टाइपरायटर आला कुठून? आज लिनक्स त्या जागी 'इनअ‍ॅप्रोप्रिएट आयऑक्टल फॉर डिव्हाइस' म्हणतं. सुधारणा झाली असं म्हणवत नाही.

दुसरा नमुना तुलाही भेटला असेल. विंडोजवर लिहिलेली स्क्रिप्ट लिनक्सवर आणली आणि चालवली तर 'अशी फाइल नाही' येतं. फाइल तर समोर दिसतेय! नसतो तो पहिल्या ओळीत नेमून दिलेला इंटरप्रिटर, म्हणजे स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम, कारण त्याच्या नावाला ओळीच्या शेवटचं न दिसणारं कॅरेज रिटर्न चिकटलेलं असतं. कमांड घेणारा बॅश, जुन्या आवृत्त्यांत तरी, 'बॅड इंटरप्रिटर' म्हणून बोट दाखवायचा. तो एक शब्द नसता तर माणूस अख्खी दुपार घालवतो. मी घालवलीय, वागळे इस्टेटमध्ये नोकरीला असताना, तीही सगळा मजला बघत असताना.

आता तुझ्या मेसेजची दुसरी उणीव, जी तू पत्रात लिहिली नाहीस पण मला वास येतोय. तुझं टूल पहिल्या चुकीला थांबतं ना?

काही वर्षांमागे एका कार्यालयात मी एक अर्ज केला होता, कार्यालयाचं नाव नको. आठ दिवसांनी अर्ज परत, वर शेरा 'त्रुटी'. काय त्रुटी, विचारायला गेलो तर पत्त्याचा पुरावा सही करून दिलेला नव्हता. तो दिला. पुन्हा आठ दिवस, पुन्हा 'त्रुटी'. या वेळी फोटो मागच्या बाजूने कोरा होता, नाव लिहायचं होतं. तिसऱ्या वेळी खिडकीपाशी एक वयस्कर बाई बसल्या होत्या. त्यांनी अर्ज घेतला, पेन्सिलीने तीन ठिकाणी बारीक खुणा केल्या आणि म्हणाल्या, "इथे पिनकोड पाचच आकडी झालाय, इथे तारीख राहिलीय, आणि हे पान उलटं लागलंय. बाकी ठीक आहे. इथेच उभे राहून करा." दहा मिनिटांत काम झालं. आधीचे दोघे चुकीचं काही सांगत नव्हते. ते एकेका फेरीला एकेकच सांगत होते.

हजार ओळींच्या यादीत सात चुका असतील तर तुझं टूल त्या मुलाला सात फेऱ्या मारायला लावतंय. पूर्ण फाइल वाच, सगळ्या चुका गोळा कर आणि एकदम दाखव. वीसच्या वर गेल्या तर वीस दाखवून 'आणखी ३१२' म्हण. एक मात्र बघ. रकान्यांची शीर्षकंच जागेवर नसतील तर प्रत्येक ओळ चुकणार. तेव्हा हजार तक्रारी न करता शीर्षकाची एकच तक्रार कर आणि थांब.

यापुढे उपाय सुचवण्याकडे येतो. इथेच भल्या माणसांकडून घोटाळे होतात, म्हणून थोडं रेंगाळतो.

कंटेनरचा नंबर तुला पाठ असेल. चार अक्षरं, सहा आकडे आणि शेवटी एक पडताळणीचा आकडा, आयएसओ ६३४६ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे. समज, खरा नंबर आहे सीएसक्यूयू ३०५४३८ आणि शेवटी ३. मुलाने टाकताना पाच आणि चाराची अदलाबदल केली: ३०४५३८, शेवटी ३. तुझं टूल हिशेब करतं आणि त्याला कळतं की या आकड्यांसाठी शेवटी ३ येत नाही, १ यायला हवा. आता तू मदत करण्याच्या उत्साहात लिहिलंस, 'शेवटचा आकडा ३ आहे, १ हवा', तर रात्रीचे दोन वाजलेत, बाहेर ट्रेलरवाला हॉर्न वाजवतोय, मुलगा काय करेल? तीनचा एक करेल. टूल खूश. यादी चढली. आणि तुझ्या डेटाबेसमध्ये एक असा कंटेनर दाखल झाला जो तुमच्या यार्डात आलेलाच नाही. हवी होती ती किंमत सांग, असं मी वर म्हणालो, पण इथे तोच नियम पाळलास तर तू चूक पकडायचं यंत्र वापरून चूक पक्की करतेस. पडताळणीच्या आकड्याला एवढंच कळतं की अकरापैकी काहीतरी चुकलंय. काय, ते त्याला कळत नाही. तेव्हा मेसेजनेही तेवढंच म्हणावं:

भरणी: यादी-१२.सीएसव्ही:७७: कंटेनर नंबर 'सीएसक्यूयू ३०४५३८३' जुळत नाही, कंटेनरच्या दारावरचा नंबर पुन्हा बघून टाका

टॉर्च घेऊन त्याला बाहेर जावं लागेल. जाऊ दे.

हीच सावधगिरी कमांड सुचवताना. मेसेजमध्ये तू जी कमांड छापशील ती कुणीतरी डोळे मिटून चिकटवणार, हे गृहीत धर. दूरच्या सर्व्हरवर शिरायला वापरतात त्या एसएसएचचं बघ. सर्व्हरची ओळख बदलली की तो मोठ्या अक्षरांत ओरडतो, कुणीतरी काहीतरी वाईट करत असेल असं चक्क म्हणतो आणि जुनी नोंद कुठल्या फाइलच्या कितव्या ओळीवर आहे ते सांगतो. इथवर उत्तम. उबंटूसारख्या सिस्टिमवर मात्र खाली ती नोंद काढून टाकायची कमांडही तयार असते. वरचा सगळा आरडाओरडा सोडून लोक काय कॉपी करतात, हे तुला मी सांगायला नको. तुझ्या टूलला 'जबरदस्तीने चढवा' असा पर्याय असेल तर त्याचं नाव एररच्या मेसेजमध्ये छापू नकोस. ज्याला खरंच गरज आहे तो हेल्पमध्ये शोधेल.

कमांडचं नावच चुकलं तर 'तुम्हाला हे म्हणायचं होतं का' विचारायला हरकत नाही. कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं गिट तसं करतं, आणि निमूट दुरुस्त करून चालवायचीही सोय देतं. गंमत अशी की त्या सोयीत थांबायचा वेळ सेकंदाच्या दहाव्या भागात मोजतात. एक सेकंद समजून कुणी १ लिहिलं तर जुन्या गिटमध्ये विचार बदलायला मिळायचा दशांश सेकंद. तुझ्या टूलने विचारावं, पण परस्पर चालवू नये.

आता सर. त्यांचं अर्धं बरोबर आहे. युनिक्सवाले मोजकं लिहायचे हे खरं. युनिक्स घडवणाऱ्या केन थॉम्पसन यांच्या 'एड' या एडिटरने तर कळस केला होता. काहीही चुकलं तरी तो छापायचा एक प्रश्नचिन्ह. बस. पण त्यामागे कंजूषी नव्हती, यंत्र होतं. त्या काळचं टेलिटाइप मॉडेल ३३ सेकंदाला दहा अक्षरं कागदावर उमटवायचं. ऐंशी अक्षरं म्हणजे आठ सेकंद खडखडाट. तुझा दहा ओळींचा मेसेज त्यावर मिनिटभर चालला असता. आज ती अडचण नाही, अडचण आहे वाचणाऱ्याच्या डोळ्यांची. टर्मिनलवर नजर कुठे असते? खाली, जिथे कर्सर लुकलुकतो. तुझ्या दहा ओळींत 'काय झालं' पहिल्या ओळीत आहे, आणि ती वर सरकून गेलीय. खाली त्याला दिसतंय ते 'पुन्हा प्रयत्न करून बघा'. तेव्हा दोनच ओळी लिहायच्या असतील तर कामाची ओळ शेवटी. आणि ते लांबलचक स्टॅक ट्रेस, ज्यात तुझ्या फंक्शनांची नावं असतात, ते लॉग फाइलमध्ये टाक. सविस्तर हवं असणारी व्यक्ती अख्ख्या कंपनीत एकच आहे, ती म्हणजे तू.

क्षमस्व आणि कृपया काढलंस की आणखी थोडी जागा मोकळी होते. उलट बाजूने, 'फेटल', 'इल्लीगल' हे शब्दही काढ. माणूस आणि संगणक यांच्यातल्या संवादाचे अभ्यासक बेन श्नायडरमन १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून हे सांगत आलेत की असे शब्द माणसाला घाबरवतात आणि माहिती काही देत नाहीत. त्याच क्षेत्रातल्या याकोब निल्सन यांच्या १९९४ च्या दहा सूत्रांपैकी नववं तर सरळ तुझ्या प्रश्नाचंच उत्तर आहे: साध्या भाषेत सांगा, नेमकं काय बिघडलं ते दाखवा, मार्ग सुचवा. विनोद करावा का? फाइलींची गाठोडी बांधणाऱ्या जीएनयूच्या टारला रिकामी गाठोडी बांधायला सांगितली तर तो 'भेकडासारखा नकार देतोय' असं म्हणतो. पहिल्यांदा मी हसलो होतो. चाळिसाव्यांदा नाही. रात्रपाळीला तर नकोच.

कोडवाल्या सहकाऱ्याचं काय? नुसता कोड म्हणजे 'त्रुटी' हाच शेरा, फक्त आकड्यात. भिंतीवरचा तक्ता पहिल्या पावसात ओला होईल आणि दुसरा कुणी लावणार नाही. पण वाक्याबरोबर कोड असायला माझी ना नाही. रस्ट भाषेचा कंपायलर तसं करतो: चूक झालेली ओळ दाखवतो, खाली खूण करतो, सोबत ई०३०८ असा कोड देतो, आणि ज्याला खोलात जायचंय त्याला तो कोड देऊन पूर्ण स्पष्टीकरण मागवता येतं. म्हणजे लांब मजकूर आहे, पण मागितल्याशिवाय अंगावर येत नाही. तुझ्या दहा ओळी तशा ठेवता येतील.

याच ओघात दोन गोष्टी तपासून घे. एक, तुझे एरर स्टँडर्ड आउटपुटवर, म्हणजे निकालाच्या वाटेने, जातात की स्टँडर्ड एररवर, म्हणजे चुकांसाठीच्या वेगळ्या वाटेने? १९७० च्या दशकात बेल लॅब्जमध्ये मजकूर फोटोटाइपसेटरवर, म्हणजे छपाईची अक्षरं जुळवणाऱ्या यंत्रावर, काढायचे तेव्हा चुकांचे मेसेजही त्याच वाटेने जाऊन महागड्या कागदावर सुबक अक्षरांत जुळून यायचे. वेगळी वाट काढली ती त्यानंतर. दोन, चुकल्यावर टूल शून्याऐवजी दुसरा आकडा परत करतं ना? स्क्रिप्ट मेसेज वाचत नाही, तो आकडा बघते. मजकूर शोधणाऱ्या 'ग्रेप'सारखा फरक ठेवलास तर उत्तम: काही सापडलं नाही तर १, खरंच बिघडलं तर २.

मराठीचा विचार मला आवडला, तरी थांब म्हणेन. बऱ्याच टर्मिनलांत प्रत्येक अक्षराला सारखी चौकट दिलेली असते, तिथे आपली जोडाक्षरं आणि वेलांट्या विस्कटतात. 'दुरुस्त' हाच शब्द दुरुस्त दिसला नाही तर काय उपयोग? शिवाय मला नाही वाटत की अडचण इंग्रजीची आहे. त्या मुलाचं वाक्य पुन्हा वाच: 'खूप काहीतरी इंग्रजीत आलंय.' त्यातल्या 'खूप' या शब्दावर बोट ठेव. आठ शब्दांचं साधं इंग्रजी तो रोज वाचतो, सगळी शिपिंगची कागदपत्रं त्यातच असतात. अडतो तो 'फील्ड ७ पॅटर्नशी जुळत नाही' यावर, कारण त्याच्या यार्डात फील्ड ७ नावाचं काही नाही. तिथे गाडी नंबर आहे, एलआर (मालाची पावती) आहे, सील नंबर आहे, गेट-इनची वेळ आहे. तेच शब्द घाल. एकदा रात्रपाळीत त्यांच्याबरोबर जाऊन बस, फाइलमध्ये मुद्दाम चुका करून टूल चालव आणि मेसेज आल्यावर तोंडातून अक्षर काढू नकोस. मुलगा पहिल्यांदा कुठे बघतो आणि तुझ्याकडे कधी वळतो, तेवढंच टिपून घे. जाताना सगळ्यांसाठी चहा-वडापाव ने.

आईंना सांग, फोन इतक्यात बंद करता येणार नाही, वही भरायचीय. महिनाभराने उजव्या पानावरची वाक्यं कोडमध्ये गेली की डावं पान किती रिकामं राहतंय ते मला लिही. आणि तो एमएच-४३ वाल्यांचा माझा अंदाज खरा निघाला का, तेही.